पालथे घातलेले सासरेबुवा

विजेवर चालणाऱ्या कोणत्याही वस्तूला माझ्यासमोर बंद राहायची हिंमत होत नाही, असं मी गेल्या रविवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. पेशाने मी शाळेत भूगोल शिकवतो. ज्याला नद्यांचे नकाशे वाचता येतात त्याला सर्किटचा नकाशा वाचायला कितीसा वेळ लागणार? दोन्हीकडे काहीतरी उगमापासून निघतं आणि कुठेतरी जाऊन मिळतं. मध्ये अडलं की गाळ काढायचा, संपलं! आजवर माझ्या हातून एक इस्त्री, दोन पंखे आणि एक दारावरची घंटा दुरुस्त झाली आहे. इस्त्री तापत नाही, पण तिचा दिवा लागतो. घंटा दाबली की बाथरूममधला बल्ब पेटतो. पण पेटतो की नाही?

तर त्या रविवारी सकाळी दहा वाजता आमचा टीव्ही गेला.

टीव्ही म्हणजे तो भिंतीला चिकटलेला पापड नव्हे. आमचा टीव्ही जुना, पाठीला भलंमोठं कुबड असलेला, काचेच्या जाड नळीचा. बायकोच्या वडिलांनी लग्नात दिलेला. वजन एवढं, की त्याची जागा आधी ठरली आणि मग त्याच्या सोयीने बाकीचं घर लावलं. हॉलचा कोपरा अडवून बसायचं, चढ्या आवाजात बोलायचं, आणि आपण बोलताना दुसरं कोणी बोललं तर ऐकू द्यायचं नाही! हे गुण बघून मी पहिल्याच वर्षी त्याचं नाव ठेवलं 'सासरेबुवा'. बायको आधी चिडली, मग हसली, आणि सहा महिन्यांत स्वतःच म्हणायला लागली, "अहो, सासरेबुवांना बंद करा, दूध उतू चाललंय." अर्थात हे नाव घरातल्या घरात. खऱ्या सासऱ्यांच्या कानावर ते जाणं म्हणजे माझा कडेलोटच.

खरे सासरे छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढल्या. लग्नाच्या बोलणीत मी माझी माहिती लिहून दिली होती, तो कागद त्यांनी दुरुस्त करून परत पाठवला होता! तेव्हापासून माझ्याकडे बघताना त्यांची नजर समासात काहीतरी लिहितेय, असं मला सारखं वाटतं.

आणि नेमके त्याच दिवशी ते येणार होते. स्थानिक वाहिनीने त्यांची मुलाखत घेतली होती. संध्याकाळी साडेपाच वाजता, फक्त एकदा, चार मिनिटं. फोनवर ते मुलीला म्हणाले होते, "पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं, बांधणी करणाऱ्याचंसुद्धा असतं. आमचं कधी नसतं. आता पडद्यावर खाली पट्टीत माझं नाव येणार आहे. ते मला मी दिलेल्या टीव्हीवरच बघायचंय." त्यांच्या नावात दुसरी वेलांटी आहे. आयुष्यभर लोकांनी ती पहिली काढली. पट्टीत ती कशी येते, याचा त्यांना आठवडाभर घोर लागला होता.

आणि आता टीव्ही गेला! हवामानाचा अंदाज सांगता सांगता फट्ट आवाज झाला, मागून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि पडदा काळा.

"समोरच्या मावशींकडे बघू का?" बायको घाबरून म्हणाली. "त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे."

"माझ्या जिवात जीव असताना? अगं, तासाभराचं काम आहे. पॉवर सप्लाय गेलाय, दुसरं काही नाही!"

हे शब्द मी कुठेतरी ऐकले होते. ते इतक्या आत्मविश्वासाने बाहेर पडले, की माझा स्वतःचाही त्यांच्यावर विश्वास बसला.

माझा एक शाळासोबती टीव्ही दुरुस्त करतो. त्याच्या दुकानाच्या पाटीवर 'टीव्हीचा दवाखाना' असं लिहिलेलं आहे, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. त्याला फोन लावला तर तो कुणाच्या तरी गच्चीवर डिशची छत्री बसवत होता आणि पाचशिवाय खाली उतरणार नव्हता. मग काय, धूर जावा म्हणून मी घराचं दार सताड उघडलं, फोन स्पीकरवर टाकला आणि टीव्हीशेजारी मांडी ठोकली.

आता त्या उघड्या दाराबाहेर, जिन्याच्या चौकात, मावशी पायपुसणी झटकत होत्या, हे मला कुठे दिसत होतं? मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. निवृत्तीनंतर आमच्या इमारतीचं एक्सचेंज त्या बिनपगारी चालवतात. त्यांच्या कानावर पडलं ते असं.

"डॉक्टर, सासरेबुवा गेले!"

"अरेरे! कधी?"

"आत्ता, दहाला. फट्ट आवाज झाला, जरा धूर निघाला आणि गेले."

"वयच झालं होतं रे. किती दिवस काढणार?"

"तसं म्हणून चालायचं नाही! साडेपाचपर्यंत मला ते चालते-बोलते हवेत."

"बरं, बरं. आधी त्यांना पालथं घाल. खाली उशी दे, तोंड खरचटायला नको. मागचे स्क्रू काढ आणि पोटात काय दिसतं ते सांग."

बाहेर पायपुसण्याचा आवाज थांबला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मी आणि बायकोने मिळून सासरेबुवांना उशीवर पालथं घातलं. कुबड उघडलं. आत इतकी धूळ होती, की तिच्यात मेथी पेरली असती तर उगवली असती. ब्रशने साफ केली तेव्हा सर्किट दिसलं. फ्यूज कोळशासारखा काळा पडला होता.

"डॉक्टर, फ्यूज उडालाय! नवीन घालतो, झालं काम!"

"थांब! तो का उडाला ते आधी..."

त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत मी नवीन फ्यूज घालून भिंतीवरचं बटण दाबलं होतं. फट्ट! टीव्हीचा फ्यूज तर गेलाच, घराच्या मुख्य फ्यूजची तारही जळाली. फ्रिज घरघरत थांबला, पंखा गिरक्या घेत थांबला आणि बायकोने माझ्याकडे तिच्या वडिलांच्या नजरेने पाहिलं.

"भूगोलवाल्या!" डॉक्टर गच्चीवरून ओरडला. "आत शॉर्ट आहे म्हणून फ्यूज जातोय! एक शंभरचा बल्ब घे आणि वाटेत जोड, म्हणजे वीज बल्बमधून टीव्हीत जाईल. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट अजून आहे. क्षणभर चमकून मंद झाला तर टीव्ही बरा. आणि तो डब्यासारखा मोठा कपॅसिटर दिसतो ना, त्याला हात लावू नकोस! बंद असला तरी पोटात वीज धरून बसतो."

"आत्ता कळलं, हे नाव किती योग्य ठेवलंय," मी पुटपुटलो.

मुख्य फ्यूजची नवी तार घातली, बल्ब जोडला, बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला आणि तसाच राहिला. मग मीटर काढलं. मीटरचे सेल मेलेले! समोर रिमोट पडला होता, त्यातले दोन काढून मीटरमध्ये घातले आणि डॉक्टर सांगेल तिथे सुया टेकवत सुटलो. अखेर चार डायोडांपैकी एक सापडला. वीज एकाच बाजूने सोडायची त्याची नेमणूक, पण हा पठ्ठ्या दोन्ही बाजूंनी सोडत होता.

"सापडलं! आणि त्या डब्याचं डोकंही फुगलंय. खालून काहीतरी गळतंय!"

"मग दोन्ही बदलायला लागणार. वहिनींना दुकानात पाठव, आमची ही काढून देईल. तू तोपर्यंत जुने उपटून ठेव. पण आधी डबा बल्बवर रिकामा कर, नाहीतर तूही जाशील त्यांच्यामागे!"

बायको दुकानात गेली. मी एकटाच सासरेबुवांच्या पोटात डोकं घालून बसलो होतो, तेवढ्यात मावशी आत आल्या. हातात चहाचा थर्मास, डोळ्यांत पाणी. मला भरूनच आलं. एका जुन्या टीव्हीसाठी शेजाऱ्यांनी एवढं हळहळावं!

"ऐकलं मी," आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत मावशी दबक्या आवाजात म्हणाल्या. "फार वाईट झालं हो. त्रास नाही ना झाला?"

"नाही. एकदाच फट्ट झालं."

"शेवटचं काही बोलले का?"

"हवामानाचा अंदाज सांगत होते. उद्या ढगाळ."

मावशींनी पदर डोळ्याला लावला. "शेवटपर्यंत दुसऱ्यांची काळजी! मग... पुढचं काय ठरवलंत?"

"बघू. पाचपर्यंत डॉक्टर येतोय. नाहीच उठले तर उद्या भंगारवाल्याला देऊन टाकणार. तो वजनावर घेतो."

थर्मास मावशींच्या हातातून निसटता निसटता वाचला.

"भंगार... आणि त्यांच्या मुलीला हे चालणार आहे?"

"तिची तर केव्हाची कटकट चाललीय. म्हणते, यांना काढा आणि एखादे सडपातळ आणा, भिंतीला टांगता येतील असे!"

मावशी उलट्या पावली गेल्या. चहा मात्र ठेवून गेल्या. मी दोन कप प्यायलो, आणि शेजार असावा तर असा, असं मनाशी म्हणालो.

एक्सचेंज सुरू झालं! मावशींनी तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना सांगितलं, 'धूर निघाला आणि गेले.' शिंपीकाकांनी ते पुढे कळवताना 'विड्या फार ओढायचे' असं केलं. पहिल्या मजल्यापर्यंत ते 'जावई उशी घेऊन बसलेला, मुलगी घरात नव्हती' इथवर पोचलं. मग इमारतीच्या सेक्रेटरींना राहवेना. त्यांनी खडू घेतला आणि खालच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळा पुसून, मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं! बायको सामान घेऊन आली. दातांत जीभ धरून मी नवीन डायोड आणि नवीन कपॅसिटर जोडले. हाताला दोन चटके बसले. बटण दाबलं. बल्ब क्षणभर चमकला आणि मंद झाला! बल्ब काढून थेट वीज दिली. सासरेबुवांच्या कपाळावरचा लाल दिवा लागला!

आम्ही दोघं हॉलमध्ये नाचलो. नवराबायकोने लाल दिव्यासाठी नाचावं, असं आमचं वय नाही. पण नाचलो. सासरेबुवांना उचलून सरळ बसवलं, ऐटीत रिमोट दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. जोरात दाबला. जवळ जाऊन दाबला, उंच धरून दाबला. लाल दिवा मख्खासारखा बघत होता. टीव्हीवरची बटणं तीन वर्षांपूर्वीच आत जाऊन बसली होती, त्यामुळे तोही मार्ग नव्हता. घड्याळात पाच वाजले होते. मी पुन्हा फोन लावला.

"डॉक्टर, दिवा लागलाय, पण शुद्धीवर येत नाहीत!"

"म्हणजे पुढचं काहीतरी गेलं. निघालोच मी. हात लावू नकोस!"

एवढ्यात दाराशी कुजबुज झाली. वळून बघतो तर शिंपीकाका, सेक्रेटरी, मावशी आणि वरच्या मजल्यावरचं तेरा माणसांचं अख्खं कुटुंब एकामागून एक आत येत होतं. चेहरे पडलेले, पायांतले जोडे बाहेर. कोणी काही बोलेना. सगळे भिंतीला टेकून ओळीने बसले. शिंपीकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उसासा टाकला. मला वाटलं, मुलाखत बघायला आलेत! बायकोनेच सांगितलं असणार. आता बत्तीस डोळ्यांसमोर माझी फजिती होणार!

"बसा, बसा," मी म्हणालो. "बाबा येतीलच इतक्यात."

यावर खोलीतून एक शहारा गेला. मावशी शिंपीकाकांच्या कानात म्हणाल्या, "धक्का बसलाय बिचाऱ्याला."

इकडे खाली काय झालं, ते मला नंतर शिंपीकाकांच्या बायकोने सांगितलं. सासरे पिशवी घेऊन आले, फळ्यासमोर थांबले आणि वाचू लागले. 'दुखःद निधन. दुसऱ्या मजल्यावरील सरांचे सासरे आज सकाळी दहा वाजता अचानक गेले. शांतता राखावी.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग तिला विचारलं, "या सरांना सासरे किती?"

"एकच असतील की!"

"मग तो मीच," ते म्हणाले. त्यांनी फळ्याच्या कडेचा खडू उचलला, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं आणि शांतपणे जिना चढू लागले. ती बाई अजून जिन्याने एकटी जात नाही.

दारात सासरे उभे राहिले. बोटांना खडू लागलेला. मावशी किंचाळल्या. सेक्रेटरी उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "खाली फळ्यावर 'दुःखद'मधला विसर्ग 'ख'च्या पुढे दिला होता. तो मी जागेवर आणलाय. आता मजकुराबद्दल बोलू."

मी काही बोलणार, तोच त्यांच्या मागून डॉक्टर हत्यारांची पेटी घेऊन धापा टाकत घुसला.

"सरका, सरका! कुठे आहेत सासरेबुवा? सरळ केलेत का अजून पालथेच आहेत? मघाशी पोट शिवलंस ना नीट?"

आणि सगळ्यांच्या देखत त्याने जाऊन टीव्हीच्या डोक्यावर थापटी मारली. "काय सासरेबुवा, झालं का नाटक करून?"

अशी शांतता मी वर्गातसुद्धा कधी अनुभवली नाही. बत्तीस डोळे टीव्हीकडून सासऱ्यांकडे गेले, सासऱ्यांकडून माझ्याकडे आले आणि तिथेच राहिले. मावशींच्या चेहऱ्यावर एक एक वाक्य उलगडत होतं. उशी, धूर, हवामान, भंगारवाला. बायकोने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता. जमीन दुभंगेल तर बरं, असं मला वाटलं. पण आमची इमारत मजबूत आहे.

"हे सासरेबुवा," सासरे टीव्हीकडे बोट दाखवून सावकाश म्हणाले. विचारत नव्हते, वाचत होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "सव्वापाच झालेत. आधी टीव्ही. हिशोब नंतर."

डॉक्टरने मागे डोकं घातलं, मीटर लावलं, मान हलवली. "सगळीकडे वीज बरोबर येतेय. पण उठत नाहीत. दुकानात न्यायला लागेल. उद्या सांगतो."

उद्या! मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा काही बदलला नाही, पण खांदे जरासे खाली आले. त्या क्षणी मला नावाची, फजितीची, कशाचीच फिकीर राहिली नाही. चाळीस वर्षं ज्यांचं नाव कुठे आलं नाही, त्यांना ते एकदा बघायचं होतं, आणि ते माझ्या आगाऊपणामुळे हुकत होतं. फार वाईट वाटलं मला. "मावशींकडे जाऊ बाबा," मी म्हणालो. "चुकलं माझं."

सासऱ्यांनी टीपॉयवरचा रिमोट सहज उचलला. तळहातावर तोलला. मग चष्मा कपाळावर चढवून तो उलटा केला आणि मागचं झाकण सरकवलं.

"इथे दोन शब्द गळलेत," ते म्हणाले.

आत सेलच नव्हते!

ते कुठे होते, हे आता तुम्हाला सांगायला नको. डॉक्टरने माझं मीटर उघडलं, दोन सेल काढून रिमोटमध्ये घातले आणि माझ्याकडे न बघता रिमोट सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी बटण दाबलं. टक! आधी आवाज आला, मग नळी तापली आणि अंधारातून हळूहळू एक चष्मा, एक कपाळ आणि पांढरा सदरा वर आला. पडद्यावर सासरे बसले होते!

"अय्या, आत्ता जिवंत झाले!" मावशी टाळ्या वाजवत ओरडल्या, आणि शोकाला आलेलं सगळं मंडळ पुढे सरकलं.

पडद्यावरचे सासरे अनुस्वाराबद्दल काहीतरी सांगत होते. खोलीतले सासरे ते ऐकतच नव्हते. ते पडद्याच्या तळाकडे बघत होते. दुसऱ्या मिनिटाला निळी पट्टी आली आणि तिच्यावर त्यांचं नाव. ते उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि एका बोटाने अक्षर अक्षर वाचलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दुसरीच आहे." बायको रडायला लागली, मीही डोळे पुसले, आणि शिंपीकाकांना वेलांटीचं काहीच माहीत नसताना तेही रडले.

मुलाखत संपली. सासऱ्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. कोणी हललं नाही. उठून जाण्यासारखा प्रसंगच नव्हता तो.

"आता सांगा. हे नाव का?"

"बाबा," मी सुरुवात केली, "म्हणजे... तुम्ही दिलेला ना. शिवाय जड आहे. जागा अडवतो. आवाज मोठा आहे." एवढं बोललो ते बोललोच, मग मागे का राहायचं? "पण एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा बंद पडला, तर घर सुनं झालं होतं. हेही खरं आहे."

सासऱ्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उघडली आणि आतून एक दिवा बाहेर काढला. वीज गेली की आपोआप लागणारा, बॅटरीवरचा. मी ओळखला! गेल्या वर्षी मीच तो त्यांना भेट दिला होता.

"हा दुरुस्तीला आणलाय," ते म्हणाले. "वीज असेपर्यंत नुसता झगमगाट! वीज गेली, खरी गरज पडली, की पहिला हाच बंद. आमच्याकडे सगळे याला 'जावईबापू' म्हणतात."

मी बायकोकडे पाहिलं. तोंडातला बोळा काढून ती खदखदा हसत होती. "मी काय करू? दोन्ही घरं माझीच!"

डॉक्टर हसता हसता पेटीवर बसला. डोळे पुसत त्याने दिवा हातात घेतला, बटण दाबून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

"जावईबापू गेले," तो म्हणाला. "पालथे घाला."

सेक्रेटरी दारापाशी घुटमळत होते. त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला. "म्हणजे मग," ते सासऱ्यांना म्हणाले, "फळ्यावर 'सासरे' पुसून 'जावई' लिहू का?"

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला.

"लिहा," ते म्हणाले. "ई दीर्घ."